अनुभव धागा: खिळे जुळवणारे आमचे अप्पा

आमचे अप्पा गेले त्याला येत्या आषाढात एक वर्ष होईल. वर्षश्राद्धाची तयारी चालू असताना आईने मला सांगितले की, चार माणसे जेवायला बोलावशीलच, पण त्यांना ओळखणाऱ्यांकडून काहीतरी लिहूनही घे; कारण घरातले अप्पा तिला ठाऊक आहेत, मात्र दिवसाचे दहा-बारा तास ते ज्या छापखान्यात उभे असत तिथले अप्पा तिने कधी पाहिलेच नाहीत. तिच्या इच्छेखातर हा धागा मी सुरू करत आहे.

अप्पा खिळे जुळारी होते. तरुण वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगते. संगणक येण्यापूर्वी पुस्तकातले प्रत्येक अक्षर म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचा एक स्वतंत्र तुकडा असे; त्याला खिळा म्हणत. हे खिळे लाकडी केसच्या लहान लहान खणांत ठेवलेले असत. जुळारी डाव्या हातात स्टिक (ओळ जुळवण्याची धातूची पट्टी) धरून उजव्या हाताने एकेक खिळा उचलून ओळ उभी करत असे आणि ती ओळ त्याला उलट्या अक्षरांतच वाचावी लागे. इंग्रजीला पुरतात तेवढे खण मराठीला पुरत नाहीत, कारण काने, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे यांतील प्रत्येकाला वेगळी जागा लागते. अप्पांच्या समोर आणि दोन्ही बाजूंना केस मांडलेल्या असत, आणि कोणते अक्षर कोठे आहे ते डोळ्यांच्या आधी त्यांच्या हाताला कळे.

त्यांचा जन्म १९४२ सालचा, वाईजवळच्या एका खेड्यातला. १९५७ साली, पंधराव्या वर्षी, ते पुण्यात नारायण पेठेतल्या एका छापखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागले आणि १९९४ साली तो छापखाना बंद होईपर्यंत तेथेच राहिले. या सदतीस वर्षांत त्यांच्या हातून किती पाने गेली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. कथा, कादंबऱ्या, पाठ्यपुस्तके, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, श्रद्धांजलीची कार्डे, सगळे त्यांनी जुळवले. पण पुस्तकावर मुद्रक म्हणून मालकांचे नाव असे आणि जुळाऱ्याचे नाव घालण्याची पद्धतच नव्हती. त्यांचे स्वतःचे नाव छापलेले आम्ही प्रथम पाहिले ते माझ्या लग्नपत्रिकेत, आणि तीही त्यांनी स्वतःच जुळवली होती.

त्यांचा एक नियम घरादाराला पाठ होता: हस्तलिखितात जे आहे तेच आणि तेवढेच. लेखकाचा शब्द बदलण्याचा अधिकार जुळाऱ्याला नाही, असे ते आम्हाला इतक्या वेळा सांगत की शाळेत कविता पाठ म्हणताना एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तरी माझा भाऊ दचकून त्यांच्याकडे पाहत असे.

लिहिणाऱ्यांना एकच विनंती आहे. सांत्वनाचे शब्द वर्षभरात पुष्कळ आले आणि ते आम्ही मनापासून स्वीकारले आहेत. आता आम्हाला प्रसंग हवे आहेत, मग ते कितीही लहान असोत. अप्पांना न ओळखणाऱ्यांनीही आपल्या घरातल्या अशा माणसाविषयी अवश्य लिहावे. आई स्वतःचे सांगणे सर्वांचे वाचून झाल्यावर सांगणार आहे.

एका नियतकालिकाचे निवृत्त संपादक लिहितात:

आमचा दिवाळी अंक सोळा वर्षे आपल्या वडिलांनी जुळवला. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली घातली. ती पुढे चालवताना आपण नावे घेतो ती संपादकांची आणि लेखकांची, परंतु नवरात्रापासून वसुबारसेपर्यंत छापखान्यात रात्री जागवणाऱ्या माणसांना त्या परंपरेत कोणी मोजत नाही, याची खंत मला आजही वाटते.

एका वर्षी एका कवींच्या हस्तलिखितात ‘पाणि’ असा शब्द ऱ्हस्व वेलांटी देऊन आला होता. कविता नदीकाठी चाललेल्या तर्पणाची होती, त्यामुळे घाईत लिहिताना वेलांटी चुकली असावी असे समजून मी ती दीर्घ करण्याची खूण करणार होतो. त्याआधीच गॅली प्रूफाच्या (पाने पाडण्याआधी तपासायला काढलेल्या छापाच्या) समासात मला आपल्या वडिलांच्या बारीक, उभट अक्षरात पेन्सिलीने लिहिलेले दिसले: “पाणी की पाणि? कवींना विचारावे.” मी विचारले. कवींना हात याच अर्थाचा शब्द हवा होता आणि ओंजळीतून निसटणाऱ्या हाताची ती सगळी प्रतिमा त्या एका वेलांटीवर उभी होती. जो बदल मी संपादक असूनही बेफिकिरीने करणार होतो तो सातवीपर्यंत शिकलेल्या त्या जुळाऱ्याने थांबवला. दुसऱ्या दिवशी मी त्यांचे आभार मानले तेव्हा ते म्हणाले, “मला अर्थ कळला नव्हता, साहेब. कळला नव्हता म्हणून तर विचारले.”

आपण न समजलेल्या गोष्टीला हात लावू नये, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे, ही शिस्त मी त्यांच्याकडून घेतली आणि पुढची वीस वर्षे ती मला पुरली.

छापखान्यातले मशीनमन काका (नातवाकडून लिहून घेतलेले):

मी त्याच छापखान्यात आधी ट्रेडलवर (पायाने चालवायच्या लहान छपाईयंत्रावर) आणि मग मोठ्या मशीनवर होतो. तुझा बाप माझ्याहून वर्षाने लहान, पण मी त्याला कधी लहान मानले नाही. उमेदवारीच्या काळात आम्ही दोघेही छापखान्यातच झोपत असू, कागदाच्या रिमांच्या आडोशाला. त्याची एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात दोन कपडे, वाईहून आणलेली आईची एक साडी आणि सातवीचे प्रमाणपत्र एवढी त्याची मालमत्ता होती.

१२ जुलै १९६१ चा बुधवार आम्ही बरोबर पाहिला. पाऊस लागून राहिला होता. पानशेतचे धरण फुटल्याची बातमी आली तेव्हा कोणी विश्वास ठेवला, कोणी ठेवला नाही. नदी पेठांत शिरू लागल्यावर मात्र मालकांनी सगळ्यांना ताबडतोब बाहेर पडायला सांगितले. पाणी उंबऱ्यावर आले असताना हा उलटा आत पळाला. मला वाटले ट्रंक आणायला गेला. परत आला तेव्हा त्याच्या छातीशी मेणकापडात गुंडाळलेला एक गठ्ठा होता. जुळणीला आलेल्या कादंबरीचे ते हस्तलिखित होते. उंचावर पोचल्यावर मी त्याच्यावर ओरडलो की, तुझ्या आईची साडी सोडून परक्याचे कागद कसले आणलेस! तो म्हणाला, “खिळे पुन्हा ओतता येतात. या लेखकाने दुसरी प्रत ठेवलेली नाही, ते मला बोलले होते.” साडीबद्दल काही बोलला नाही. ती ट्रंक पुन्हा सापडली नाही.

पूर ओसरल्यावर आम्ही परतलो तेव्हा मागची मातीची भिंत आत कोसळलेली होती, केस उलट्या झालेल्या होत्या आणि सगळे टाइप, म्हणजे बारा पॉइंटापासून अठ्ठेचाळीसपर्यंतच्या मापांचे खिळे, गाळात मिसळून गेले होते. खडकवासल्याचे धरणही फुटल्यामुळे शहराच्या नळांना पाणी नव्हते, म्हणून विहिरीवरून बादल्या आणून आम्ही तो गाळ धुतला. खिळे ब्रशने घासायचे, गोणपाटावर वाळवायचे आणि मग एकेक ओळखून आपापल्या खणात टाकायचे. ब आणि व, घ आणि ध, भ आणि म, चिखलाचा एक कण अडकला तरी फसवणारी अक्षरे ती! बाकीचे लोक उजेडाला धरून पाहत. हा अंगठ्याने चाचपून सांगायचा. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते, तिच्यावरून त्याला टाइपाची जात कळे आणि तोंडावर अंगठा फिरवला की अक्षर कळे. ते काम जवळजवळ दिवाळीपर्यंत चालले. एकोणीस वर्षांच्या पोराने त्या तीन-चार महिन्यांत साऱ्या छापखान्याची अक्षरे एकेक करून परत जागेवर बसवली. मी पुढे पुष्कळ कारागीर पाहिले, पण हात तसा पाहिला नाही.

आणखी एक गोष्ट आहे, पण ती वहिनींचे सांगणे वाचून मग सांगावी की सांगूच नये ते ठरवीन.

धाकटा मुलगा लिहितो:

ताईने मला लिहायला सांगितले तेव्हा मी आठ दिवस टाळले, कारण माझ्या आठवणी सगळ्याच गोड नाहीत आणि अप्पांविषयी अर्धे खरे लिहिणे त्यांना आवडले नसते.

छापखाना बंद झाला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. ऑफसेट छपाईचे यंत्र आधीच आलेले होते आणि मागोमाग संगणकावरची जुळणी आली; ज्या पानाला अप्पांना अर्धा दिवस लागे ते तासाभरात होऊ लागले. मालकांनी टाइप वजनावर विकले. ते धातूच्या भावाने टेम्पोत भरले जात असताना अप्पा दिवसभर तिथे उभे होते आणि संध्याकाळी घरी येऊन त्यांनी नेहमीप्रमाणे राखेने आणि साबणाने तीन वेळा हात धुतले. शिशाचा हात मुलांना लावायचा नाही, हा त्यांचा कायमचा नेम होता. त्या दिवशी त्यांच्या हाताला शाई नव्हती, तरीही ते धूत राहिले. पुढचे वर्षभर ते जवळजवळ मुके झाले. वडील काय करतात असे कोणी विचारले की मी “छापखान्यात आहेत” असे उत्तर देत असे आणि छापखाना बंद पडल्याचे लपवत असे. ती लाज मला वाटली होती, हे येथे लिहून ठेवतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बारावीनंतर मी संगणकावर मराठी जुळणी करण्याचाच अभ्यासक्रम निवडला. त्यांचे काम ज्या यंत्राने घेतले त्याच यंत्रावर मी बसणार हे त्यांना कसे सांगावे ते मला कळेना. शेवटी आईने सांगितले. अप्पा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी घरी आणलेले सरावाचे पान त्यांनी मागून घेतले, दिव्याखाली धरले आणि विचारले, “तुझ्या यंत्रात ‘दऱ्या’ लिहिता येतात का?” मी लिहून दाखवले आणि पडद्यावर ‘दर्या’ उमटले. त्या काळातल्या काही फॉन्टांत य वर रफार मिळे, पण मराठीला लागणारा अर्धा र मिळत नसे. अप्पा म्हणाले, “दर्या म्हणजे समुद्र. डोंगरातल्या दऱ्या वेगळ्या. आचाऱ्याला बोलावले तर स्वयंपाकी येईल आणि आचार्याला बोलावले तर गुरुजी येतील. तुझ्या यंत्राला हा फरक शिकवावा लागेल.”

त्या संध्याकाळपासून ते रोज माझ्या शेजारी बसू लागले. अक्षरांतले अंतर, ओळीच्या शेवटी शब्द कोठे तोडावा, परिच्छेदाची एकटी ओळ पानाच्या माथ्यावर का राहू देऊ नये, हे कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते. ते मला त्यांनी शिकवले. आज माझा स्वतःचा व्यवसाय आहे आणि आमच्याकडून जाणारे पान लोक ओळखतात. ते पान अप्पांचे आहे. हे मी त्यांना त्यांच्या हयातीत एकदाच सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “समास जरा मोठा ठेव.”

वाड्यातल्या शेजारीण बाई लिहितात:

मला फार लिहिता येत नाही, पण गुळाची गोष्ट सांगते. छापखान्यात कामगारांना संध्याकाळी गुळाचा खडा मिळत असे. त्याने शिसे बाधत नाही असा समज होता. तो खडा अप्पा कागदाच्या पुडीत बांधून घरी आणत आणि वाड्यातल्या सात-आठ पोरांत वाटत. माझी दोन्ही मुले त्या पुडीची वाट पाहत दिंडी दरवाजात उभी राहत. ती पुडी चुकलेल्या प्रूफाच्या कागदाची असे, आणि त्यावर जे छापलेले असे ते मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याला पहिला तुकडा मिळे. माझा मोठा मुलगा त्या पुड्यांवर वाचायला शिकला.

गोव्याहून एक वाचक लिहितात:

मी आपल्या वडिलांना ओळखत नव्हतो, परंतु आपण इतरांनाही बोलावले आहे म्हणून लिहितो. माझे वडील म्हापशातल्या एका लहान छापखान्यात जुळारी होते आणि मराठी, कोकणी व पोर्तुगीज अशा तिन्ही भाषांतले मजकूर जुळवत असत. १५५६ साली जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रसारकांचा छापखाना गोव्यात उतरला, तो भारतातला पहिला. खरे तर तो ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, जायचा होता आणि येथेच राहिला. वडील ही गोष्ट आम्हाला अशा आपुलकीने सांगत, जणू तो आमच्याच पूर्वजांपैकी कोणी उतरवून घेतला होता. आपल्या बंधूंनी राखेने हात धुण्याचे लिहिले आहे ते वाचताना मी थांबलो. माझे वडील नारळाच्या काथ्याने बोटे घासत. शेवटच्या आजारात त्यांची बोटे अंथरुणावर सतत हलत असत, आणि परिचारिकेला तो भ्रम वाटला. आईने मात्र सांगितले की ते ओळ जुळवत आहेत.

अप्पांकडे शिकलेली एक मुद्रितशोधक लिहिते:

छापखाना सुटल्यावर अप्पा घरी प्रुफे तपासू लागले, त्या काळात मी त्यांच्याकडे शिकायला जात होते. मराठी घेऊन एम. ए. झाल्यामुळे मला नियम येतात असा माझा समज होता. अप्पांनी पहिल्या दिवशी मला एक जुने पुस्तक वाचायला दिले. त्यात ‘नांव’, ‘कांहीं’, ‘केलें’ असे सगळीकडे अनुस्वार होते. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम आले आणि हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, हे मला पुस्तकातून माहीत होते. अप्पांना ते बोटांतून माहीत होते. ते म्हणाले, “नियम एका दिवसात बदलला, पण माझा हात वर्षभर अनुस्वाराच्या खणाकडे जात राहिला. उचललेला खिळा परत ठेवायचो.” १९७२ साली आणखी चार नियम आले, २००९ साली शासनाने वर्णमालेचा निर्णय काढला आणि मराठी वळणाचे ल व श मान्य झाले, प्रत्येक बदलाची तारीख त्यांना घरातल्या वाढदिवसांसारखी लक्षात होती.

चूक शोधताना ते मजकूर शेवटच्या ओळीकडून पहिल्या ओळीकडे वाचत. सरळ वाचले की गोष्टीत मन गुंततं आणि चूक निसटते, असे ते म्हणत. मी विचारले की, मग इतक्या वर्षांत तुम्ही गोष्टींत कधी गुंतलाच नाहीत का? त्यांनी उत्तर दिले, “गुंतायचो ना. घरी जाऊन हिला सांगायची असायची.” त्या वाक्याचा अर्थ तेव्हा मला पुरता कळला नव्हता.

आईचे सांगणे (मी जसेच्या तसे लिहून घेतले आहे):

आमचे लग्न १९६८ साली झाले. मी चौथीपर्यंत शिकलेली. यांचा पगार पुरेना म्हणून छापलेले फर्मे घरी आणून मी त्यांच्या घड्या घालत असे. शेकड्यावर मजुरी मिळे. एका फर्म्यात सोळा पाने असतात. मोठ्या कागदाच्या एका बाजूला पहिल्या पानाशेजारी सोळावे आणि चौथ्याशेजारी तेरावे पान, तीही काही उलटी काही सुलटी, अशी छापलेली असतात आणि घडी बरोबर पडली की मग ती ओळीने लागतात. घड्या घालता घालता मी वाचू लागले. पुण्यात कोणाच्या हाती पुस्तक पडायच्या आधी ते मी वाचलेले असे, पण फर्म्याफर्म्याने. गोष्ट सोळाव्या पानावर तुटायची आणि पुढचा फर्मा चार-आठ दिवसांनी यायचा. मग मी यांना विचारत असे, कारण यांनी तर ती जुळवलेली असे. हे आधी सांगत नसत, फर्मा येऊ दे म्हणत. कधी कधी पुढचे फर्मे दुसऱ्या कोणाच्या घरी घड्यांना जात. तेव्हा मात्र रात्री जेवताना हे राहिलेली गोष्ट सांगत, आणि ती छापल्यासारखी सांगत.

१९७१ साली आमचे पहिले मूल गेले. मुलगा होता, दोन महिन्यांचा. तापाने गेला. मुलांना हे माहीत आहे, पण आम्ही त्याविषयी घरात फारसे बोललो नाही. मी काही महिने फर्म्यांना हात लावला नाही. पुढच्या वर्षी, दुष्काळाच्या त्या बहात्तर साली, रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळत होती आणि पैशांची फार ओढ होती, म्हणून मी पुन्हा घड्या घालायला बसले. पहिलेच काम आले ते एका कादंबरीचे. तिच्यात एक बाई होती आणि तिचे मूल आजारी पडते. दहा फर्मे माझ्याकडे आले. दहाव्याच्या शेवटी ते मूल तापात होते आणि ती बाई त्याच्या उशाशी बसलेली होती. अकरावा आणि बारावा फर्मा आमच्याकडे आलाच नाही.

मी यांना विचारले. हे जेवत होते. यांनी सांगितले की पहाटे ताप उतरतो, मूल डोळे उघडते आणि पाणी मागते. नंतर ती बाई त्याला घेऊन माहेरी जाते, वाटेत नदी लागते, नावेत ते मूल पहिल्यांदा हसते. सगळे यांनी मला सांगितले, नावाड्याचे बोलणेसुद्धा. त्या रात्री मी पुष्कळ दिवसांनी झोपले.

१९९६ साली पुणे नगर वाचन मंदिरातून मी ते पुस्तक घरी आणले. शेवटची पाने वाचली. मूल त्याच रात्री जाते. नदी नाही, नाव नाही, नावाडी नाही.

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात लेखकाची एक वेलांटी बदलली नाही त्याने माझ्यासाठी दोन फर्मे मनाने रचले होते. मी पुस्तक परत करून आले. यांना काही बोलले नाही. पुढे सत्तावीस वर्षे आम्ही बरोबर होतो, तरी बोलले नाही. मला कळले आहे हे यांना कळू नये, असे वाटे.

मशीनमन काका पुन्हा लिहितात:

वहिनी, आता सांगतो. ते दोन फर्मे मीच छापले होते. छपाई चालू असताना हा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “हे दोन माझ्या घरी देऊ नकोस.” मी म्हटले, अरे, मजुरी बुडेल, दिवस कसे आहेत ते पाहतोस ना? तो म्हणाला, “बुडू दे. रविवारी मी तुझ्याबरोबर मशीन पुसायला येईन, तेवढे मालकांकडून मिळवून दे.” आणि तो आला. चार रविवार रॉकेलच्या चिंध्यांनी त्याने माझे मशीन पुसले. कारण मी विचारले नाही. फर्मा वाचला होता, म्हणून विचारावे लागले नाही. कोणाला सांगू नकोस असे त्याने मला बजावले होते आणि मी बावन्न वर्षे सांगितले नाही. तुम्ही तुमच्या तोंडून सगळे सांगितलेत, म्हणून मी आज तो शब्द मोडला.

धागाकर्ती:

काका, तुमचे लिहिणे मी आईला दोनदा वाचून दाखवले. पहिल्यांदा ती काहीच बोलली नाही. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाली, “ते चार रविवार मला आठवतात. हे कोठे जातात ते सांगत नसत, अंगाला रॉकेलचा वास येई, आणि मी यांच्याशी भांडले होते की सुट्टीच्या दिवशी तरी घरात थांबावे.” मग तिने कपाटातून अप्पांचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा चष्म्याच्या घरात ठेवून दिला.

त्या कादंबरीची प्रत मिळाली तर पाहा, असे तिने आज सकाळी मला सांगितले. तिला शेवटचे दोन फर्मे सोडून बाकीची वाचायची आहे.